बंद हंगाम नेमका कुणाचा?

हिमाचलमधल्या तीर्थन, सैंज, उहल या नद्यांवर १ मार्चला गळ पडू लागतात आणि ३१ ऑक्टोबरला थांबतात. उरलेले चार महिने बंदी. कोकणातल्या पावसाळी बंदीची सवय असलेल्या आपल्या मंडळींना हे उलटं वाटतं: आपल्याकडे पाऊस लागला की होड्या वर ओढतात, तिकडे ऐन थंडीत नदीला मोकळं सोडतात. कारण ज्याच्यासाठी ही बंदी आहे तो ब्राउन ट्राउट हिवाळ्यात अंडी घालतो. मादी शेपटीने तळाची खडी उकरून त्यात अंडी पुरते, आणि त्या खडीतून थंड पाणी झिरपत राहिलं तरच ती जगतात. बंदी रास्तच आहे. गोम एवढीच की हा मासा तिथला नाही.

निलगिरीत ट्राउट रुजवण्याच्या खटपटी एकोणिसाव्या शतकातच सुरू झाल्या होत्या. हिमालयातली गोष्ट मात्र काश्मीरपासून सुरू होते. १८९९ मध्ये ब्रिटनहून निघालेली अंडी वाटेतच उष्म्याने मेली. पुढच्या वर्षीची खेप पोचली, आणि तिची पिल्लं आधी श्रीनगरच्या एका गालिचा कारखानदाराने सांभाळली; मग श्रीनगरजवळ हारवनला रीतसर हॅचरी, म्हणजे अंडी उबवून पिल्लं वाढवण्याचं केंद्र, झाली. काश्मीरमधलं बीज १९०९ मध्ये कुल्लूच्या खोऱ्यात आलं. साहेबाला सुट्टीत घरच्यासारखी नदी हवी होती, ती अशी तयार झाली. नद्यांवर पहारे, परवाने, गळ टाकायला मोजून दिलेले नदीचे पट्टे आणि बंद हंगाम हा सगळा संसार या पाहुण्याबरोबरच वाढला.

आणि इथे एका शब्दाने मोठा घोळ घातला आहे: ‘स्नो ट्राउट’. या पाण्यातला मूळचा मासा म्हणजे असेला (हे कुमाऊँ-गढवालकडचं नाव) आणि त्याचे काश्मिरी भाऊबंद. अंगावर बारीक खवले, राहणं थंड ओढ्यात, एवढ्या साम्यावर इंग्रजांनी त्यांना ट्राउट म्हटलं. प्रत्यक्षात हे कार्पच्या कुळातले, म्हणजे आपल्या रोहूचे आणि महाशीरचे नातलग. ट्राउटशी काडीचाही संबंध नाही. साहेबाची ही खोडच होती. मैदानाच्या वरच्या अंगाला मिळणाऱ्या एका चपळ माशालाही ‘इंडियन ट्राउट’ म्हणून झालं होतं. हा निव्वळ नावाचा वाद असता तर सोडून दिला असता. पण ‘ट्राउट जपतो’ असं म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, दोन्ही मासे जपले जात आहेत.

तसं होत नाही. काश्मीरमधले स्नो ट्राउट साधारण एप्रिल ते जून या काळात अंडी घालतात, आणि ट्राउटचा हंगाम तिथे उघडतो तोच मुळी एप्रिलमध्ये. आपल्याकडे पहिल्या पावसात चढणीचे मासे ओहोळात शिरतात आणि लोक टोपल्या, जाळी घेऊन उभे असतात, तसाच हा मासाही विणीला लहान प्रवाहांकडे वळतो आणि तिथेच जाळ्यात सापडतो. फ्लायवाल्यांवर, म्हणजे गळाला पिसांची खोटी माशी लावून ट्राउट धरणाऱ्यांवर, याचा दोष टाकणं मात्र अन्याय होईल. असेला दगडावरचं शेवाळ खरवडून खातो, पिसाच्या माशीकडे तो क्वचितच बघतो. त्याचं खरं नुकसान जाळी, नदीत ओतलेली ब्लीचिंग पावडर आणि त्याची पिल्लं गिळणारा ब्राउन ट्राउट यांनी केलं. २०१० मध्ये असेला धोक्यातल्या जीवांच्या जागतिक लाल यादीत ‘असुरक्षित’ म्हणून नोंदला गेला.

परवान्यावर हंगाम आठ महिन्यांचा दिसतो, पण खरा असतो जेमतेम चार-साडेचार महिन्यांचा. मार्चमध्ये पाणी कमी, काचेसारखं आणि बोटं बधिर करणारं. मासा तळाला बसलेला, त्यामुळे निम्फ (पाण्याखालच्या किड्याची नक्कल) खोल बुडवावा लागतो. मेच्या संध्याकाळी किडे पाण्यातून वर उडायला लागतात, तेव्हा पाण्यावर तरंगणाऱ्या ड्राय फ्लायची मजा. जूनमध्ये बर्फ वितळून नदी गढुळते, मागोमाग पाऊस. मग सप्टेंबरच्या मध्यापर्यंत गुंडाळून ठेवायचं. ऑक्टोबरमध्ये विणीआधीचा ट्राउट रंगावर आलेला असतो आणि जाणकार त्याला न दुखवता सोडून देतात. (मनालीच्या हॉटेलांतला ट्राउट यातला नव्हे. तो तळ्यांत पाळलेला रेनबो ट्राउट, नॉर्वेच्या मदतीने १९९० च्या सुमारास कुल्लू खोऱ्यातल्या पतलीकुहलला सुरू झालेल्या मत्स्यशेतीचा वारसा.)

एवढं सांगून पाहुण्याच्या बाजूनेही बोलायला हवं. तीर्थनवर छोटे जलविद्युत प्रकल्प येऊ घातले होते, ते या शतकाच्या सुरुवातीला रोखले गेले. त्या लढ्यात सर्वांत वजनदार मुद्दा ट्राउटचाच ठरला. असेलाच्या नावाने कुणी प्रकल्प थांबवला असता असं मला तरी वाटत नाही. परका मासा आणि त्याच्यामागून येणारे पर्यटक यांनी ती नदी वाहती ठेवली, असेलासकट.

शेजारच्या सैंजवर मात्र १०० मेगावॉटचा प्रकल्प उभा राहिला. अशा प्रकल्पांनी बंधाऱ्याखाली किमान १५ टक्के पाणी सोडावं असा राज्याचा नियम आहे, आणि हा हिशेब धरला जातो नदी सर्वांत रोडावलेली असतानाच्या प्रवाहावर. ती रोडावते डिसेंबर ते फेब्रुवारीत. गळ घरी असतात, पहारेकरी काठावर असतो, आणि अंडी खडीत.