बागेच्या शेडमधील मॉडेल रेल्वे

घरामागच्या बागेत उभारलेल्या लाकडी शेडमध्ये लहान प्रमाणावरची रेल्वे बांधणे आणि ती नियमित चालवणे हा प्रामुख्याने ब्रिटनमधला छंद आहे. रूळ, सांधे (गाडीला एका मार्गावरून दुसऱ्यावर नेणारी रुळांची हलती रचना), फलाट, सिग्नल, बोगदे आणि भोवतालचा प्रदेश मिळून जी मांडणी तयार होते तिला लेआउट म्हणतात. अमेरिकेत लेआउट बहुधा तळघरात असतो. ब्रिटनमधल्या बहुतेक घरांना तळघर नसते, खोल्या लहान असतात आणि पोटमाळा उन्हाळ्यात तापतो, हिवाळ्यात गारठतो. त्यामुळे रेल्वे बागेत गेली. झाडाझुडपांतून उघड्यावर धावणारी मोठ्या गेजची (गेज म्हणजे दोन रुळांमधले अंतर) गार्डन रेल्वे हा वेगळा प्रकार असून तिचा विचार या नोंदीत केलेला नाही. तिची इंजिने मुक्कामाला पुष्कळदा अशाच शेडमध्ये असतात, एवढाच दोघींचा संबंध.

नवखा माणूस आधी इंजिन विकत घेतो आणि मग त्याला जागा शोधतो. शेडच्या बाबतीत हा क्रम महागात पडतो. गाडी किती डब्यांची असेल, वळण किती तीव्र असेल, चढ जमेल की नाही आणि जानेवारीत रेल्वे चालेल की नाही, हे सगळे आधी शेड ठरवते.

पूर्वपीठिका

१८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत मेर्कलिन या जर्मन कंपनीने ठरावीक गेजची खेळण्यातली रेल्वे मांडली आणि रुळांची मापे प्रमाणित होऊ लागली. ब्रिटनमध्ये लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९२० मध्ये चावीवर चालणाऱ्या ओ गेजच्या गाड्या बाजारात आणल्या. त्या मोठ्या होत्या, त्यांना अख्खी खोली लागे. १९३८ मध्ये आलेल्या हॉर्नबी डब्लोने गाडी निम्म्या आकारावर आणली आणि मध्यमवर्गीय घरात जेवणाच्या टेबलावर रेल्वे मावू लागली.

खेळण्यापलीकडे जाऊन सबंध प्रदेश उभा करण्याची कल्पना जॉन एहर्न यांच्या ‘मॅडर व्हॅली’ या लेआउटने रुजवली. तो आज ऑक्सफर्डशरमधल्या लाँग विटेनहॅम गावच्या पेंडन संग्रहालयात आहे. तोट्यातले मार्ग बंद करण्याची शिफारस करणाऱ्या १९६३ च्या बीचिंग अहवालानंतर ब्रिटनमधले शेकडो लहान फाटे (मुख्य मार्गाला जोडलेले उपमार्ग) बंद पडले आणि ऑगस्ट १९६८ मध्ये ब्रिटिश रेल्वेच्या मुख्य मार्गांवरील वाफेची इंजिने निवृत्त झाली. शेडमधल्या लेआउटांवर आजही एक फलाट, एक मालधक्का आणि दोन डबे ओढणारे टँक इंजिन (पाणी आणि कोळसा स्वतःवरच वाहणारे लहान इंजिन) असे फाट्यावरचे स्टेशन फार दिसते, त्यामागे हा इतिहास आहे. जागेची टंचाई हे त्याचे दुसरे कारण, आणि माझ्या मते अधिक खरे.

जागा आणि मापे

ब्रिटनमध्ये सर्वांत रुळलेले प्रमाण ओओ, म्हणजे १:७६.२. त्यात खऱ्या १ फुटाला ४ मिमी धरतात. रूळ मात्र १६.५ मिमी गेजचे. खऱ्या १४३५ मिमी रुळांच्या हिशेबाने ते १८.८३ मिमी हवेत, म्हणजे ओओच्या गाड्या कायमच अरुंद रुळावर धावतात. ही चूक जुन्या काळच्या मोटारी लहान ब्रिटिश इंजिनांच्या मॉडेलांत बसेनात म्हणून झालेल्या तडजोडीतून आली आणि टिकून राहिली. ज्यांना ती खुपते ते १८.२ मिमीचे ईएम किंवा १८.८३ मिमीचे पी४ गेज वापरतात आणि चाकांसह बरेच काही स्वतःच्या हाताने बनवतात. युरोप-अमेरिकेत एचओ (१:८७) चालते. लहान जागेसाठी ९ मिमी गेजचे एन आहे, ब्रिटनमध्ये त्याचे प्रमाण १:१४८ असते. २०२२ पासून हॉर्नबीने १:१२० या टीटी प्रमाणाला नव्याने हात घातला आहे.

ब्रिटनमध्ये सहज मिळणारी शेड ८ × ६ फुटांची. तिची लांबी २.४४ मीटर, ओओमध्ये खऱ्या जगातले सुमारे १८६ मीटर. मुंबईची १२ डब्यांची लोकल तिथे उभीसुद्धा राहणार नाही. ब्रिटिश रेल्वेचा मार्क १ नावाचा प्रवासी डबा या प्रमाणात सुमारे २६ सेंमी भरतो. इंजिन आणि पाच डबे मिळून दीड मीटरच्या वर जातात. फलाट तेवढा लांब केला की दोन्ही टोकांना सांध्यांसाठी आणि वळणासाठी काही उरत नाही. म्हणून अनुभवी मंडळी तीन डब्यांच्या गाडीवर समाधान मानतात.

वळणांचेही तसेच. तयार रुळांच्या ठरावीक मापांतले ‘दुसऱ्या त्रिज्येचे’ वळण ४३८ मिमीचे असते, म्हणजे प्रत्यक्षातले जेमतेम ३३ मीटर. खऱ्या मुख्य मार्गावर ही त्रिज्या शेकडो मीटर असते. गाडी अशा वळणावरून जाते, पण लांब डब्यांची टोके बाहेर फेकली जातात आणि ते दृश्य काही चांगले दिसत नाही. त्यावर उपाय म्हणजे ही वळणे बोगद्यात किंवा इमारतींमागे लपवणे. एका रुळावरून दुसरा न्यायचा तर दोहोंत ६५ ते ७० मिमी उंचीचे अंतर लागते. ४० ला १ या चढाने तेवढे चढायला २.६ ते २.८ मीटर हवेत, आणि ८ फुटी शेडची सबंध भिंतही तेवढी नसते. लहान शेडमध्ये उड्डाणमार्गाचे स्वप्न बहुधा या गुणाकारापाशी संपते.

शेडची तयारी

इंग्लंडमध्ये अशा शेडला साधारणपणे बांधकाम परवानगी लागत नाही, पण अटी आहेत. ती एकमजली असावी आणि पागोळीची उंची २.५ मीटरच्या आत राहावी. हद्दीपासून २ मीटरच्या आत असेल तर एकूण उंचीही २.५ मीटरपेक्षा जास्त चालत नाही. मूळ घराभोवतीच्या जमिनीचा निम्म्याहून अधिक भाग अशा बांधकामांनी व्यापता येत नाही. घरातून शेडपर्यंत वीज जमिनीखालून चिलखती केबलने नेतात आणि ते काम जाणत्या वायरमनकडून करून घेतात.

बाजारातली शेड कुदळी-फावडी ठेवण्यासाठी बनवलेली असते. पातळ फळ्यांच्या एकेरी भिंती, छपरावर डांबरी नमदा आणि फटींतून वारा. रेल्वेसाठी तिला आतून भिंत लावावी लागते. आधी बाहेरच्या फळ्यांना हवा खेळायला फट, मग इन्सुलेशनची पाटी, त्यावर आतल्या बाजूने बाष्प अडवणारा प्लॅस्टिकचा पडदा आणि शेवटी प्लायवूड. पडदा उलट्या बाजूला लावला तर आतली दमट हवा थंड फळ्यांपर्यंत पोहोचते, तिथे पाणी धरते आणि लाकूड न दिसता कुजते. थर्माकोल वापरला तर विजेच्या पीव्हीसी वायरी त्याला टेकू द्यायच्या नाहीत. वायरीतले मऊपणा देणारे द्रव्य थर्माकोलमध्ये उतरते आणि वरचे आवरण कडक होऊन तडकते.

हिवाळ्यातली थंडी माणसाला सोसते, ओल रेल्वेला सोसत नाही. रॉकेलचा हीटर यासाठी सर्वांत वाईट, कारण जळलेल्या प्रत्येक लिटर रॉकेलमागे जवळपास तेवढेच पाणी वाफेच्या रूपाने खोलीत येते आणि ते रुळांवर, चाकांवर, मोटारींवर बसते. तेलाचा विजेवरचा रेडिएटर मंद ठेवून देणे बरे. ओल शोषणारे यंत्र घ्यायचे तर शोषक द्रव्यावर चालणारे घ्यावे, कॉम्प्रेसरवर चालणारे थंडीत नीट काम करत नाही. दार बाहेर उघडणारे हवे, नाहीतर दाराच्या फेऱ्याएवढी जागा लेआउटमधून जाते. भिंतीकडेने सगळीकडे रूळ नेले तर दारासमोर उचलता येणारी फळी लागते. ती उघडी असताना दोन्ही बाजूंच्या रुळांची वीज तोडणारा छोटा स्विच बसवला नाही, तर केव्हातरी एखादे इंजिन जमिनीवर पडतेच.

उंदीर आणि कोळी हे या छंदाचे कायमचे भागीदार. उंदीर कृत्रिम झाडे आणि वायरी कुरतडतात. कोळी बोगद्यांना जाळे लावतो आणि पहिल्या गाडीच्या तोंडावर ते येते.

पाया, रूळ आणि वीज

९ किंवा १२ मिमीच्या प्लायवूडला खालून लाकडी पट्ट्यांची चौकट देऊन बेसबोर्ड करतात. उंची कमरेपासून छातीपर्यंत असते. उंच बोर्डावर गाडी डोळ्याच्या पातळीत येते, पण मागचे रूळ हाताला लांब पडतात. कोणताही रूळ ७५ सेंमीपेक्षा दूर नसावा, कारण गाडी नेमकी सर्वांत लांबच्या सांध्यावर उतरते. कापण्यापूर्वी लाकूड काही आठवडे त्याच शेडमध्ये ठेवून हवेला सरावू द्यावे.

रूळ जर्मन सिल्व्हरचे, म्हणजे तांबे, निकेल आणि जस्त यांच्या मिश्रधातूचे. ब्रिटनमध्ये ते साधारण ९१४ मिमी लांबीचे, वाकवता येण्याजोगे मिळतात. १९४६ मध्ये सुरू झालेल्या डेव्हनमधल्या पेकोचे नाव त्यात सर्वांत मोठे. घरातल्या लेआउटमध्ये जो प्रश्न जाणवत नाही तो शेडमध्ये पहिल्या उन्हाळ्यात पुढे येतो. थंडीतल्या सकाळपासून उन्हात तापलेल्या दुपारपर्यंत शेडच्या तापमानात वर्षभरात ४० अंशांचा फरक पडू शकतो. तेवढ्याने एक रूळ सुमारे ०.६ मिमी वाढतो, तर भिंतीकडेने फिरणाऱ्या ७ मीटरच्या फेरीत साडेचार मिमी वाढ होते. सगळे जोड डाग देऊन पक्के केले असतील तर वाढीला वाट मिळत नाही आणि रूळ बाजूला फुगवटा धरतो. म्हणून कडाक्याच्या थंडीत रूळ टाकताना जोडात पातळ पुठ्ठ्याएवढी फट सोडतात, गरम दिवशी जोड जवळजवळ भिडवतात आणि जोडपट्टीला डाग देत नाहीत. विजेचा भरवसा जोडपट्टीवर न ठेवता प्रत्येक रुळाला खालून स्वतंत्र वायर डागतात. या बारीक वायरी बोर्डाखालून जाणाऱ्या जाड मुख्य वायरींच्या जोडीला मिळतात.

खडी टाकणे हे सर्वांत चिवट काम. कोरडी बारीक खडी स्लीपरांमध्ये पसरून मऊ ब्रशने सारखी करायची, पाण्यात भांडी घासण्याच्या द्रवाचा थेंब टाकून फवारायचे, मग पातळ केलेला पांढरा गोंद ड्रॉपरने थेंब थेंब सोडायचा. साबण नसेल तर गोंदाचा थेंब खडीवर गोळी होऊन बसतो. सांध्याच्या हलत्या पात्याजवळ गोंद गेला तर सांधा कायमचा चिकटतो.

जुन्या पद्धतीत कंट्रोलर रुळांत १२ व्होल्टपर्यंत डीसी सोडतो. व्होल्टेज वाढले की वेग वाढतो, ध्रुव बदलले की दिशा बदलते. एका रुळावर दोन इंजिने स्वतंत्र चालवायची तर मार्गाचे विजेचे तुकडे पाडावे लागतात. जर्मनीतल्या लेंत्स कंपनीच्या तंत्रावर आधारलेली डीसीसी (डिजिटल कमांड कंट्रोल) पद्धत १९९० च्या दशकात अमेरिकेच्या एनएमआरए या मॉडेल रेल्वे शौकिनांच्या संस्थेने प्रमाणित केली. तीत रुळांत वीज सतत असते आणि प्रत्येक इंजिनातला डीकोडर आपल्या क्रमांकाची आज्ञा तेवढी पाळतो. शेडसाठी डीसीसी सोयीची, पण मळलेल्या रुळावर ती जास्त अडखळते. काळी राप पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेले फडके बरे. खरखरीत रबराने घासले तर रुळावर ओरखडे पडतात आणि त्यांत मळ अधिक लवकर बसतो.

गाड्या चालवणे

अंडाकृती मार्गावर गाडी गोल गोल फिरवण्यातली मजा लवकर ओसरते. म्हणून बरेच लेआउट एका टोकाला स्टेशन आणि दुसऱ्या टोकाला पडद्याआड लपलेले यार्ड असे असतात. हे फिडल यार्ड म्हणजे ‘बाकीचे सगळे जग’: गाडी तिथे जाते, हाताने उलटी-सुलटी होते आणि वेळ झाली की परत येते. १९५७ मध्ये सिरिल फ्रीझर यांनी आखलेला ‘मायनोरीज’ हा दुहेरी मार्गाचा, तीन फलाटांचा शहरी टर्मिनसचा आराखडा आजही वापरला जातो.

दोन माणसे असली तर खऱ्या ब्रिटिश सिग्नल केबिनींसारखी घंटा वापरतात. एक ठोका म्हणजे लक्ष द्या. समोरून एक ठोका आला की चार ठोके, म्हणजे एक्सप्रेस घ्याल का? साधी पॅसेंजर असेल तर तीन, थांबून एक. पलीकडच्याने तेच ठोके परत दिले की गाडी स्वीकारली. गाडी निघाली की दोन, पोहोचली की दोन, थांबून एक. पीटर डेनी या धर्मोपदेशकांच्या ‘बकिंगहॅम’ लेआउटवर पलीकडच्या टोकाला त्यांचा मुलगा क्रिस्पिन बसे. पुढे त्याच्या कामासाठी त्यांनी एक यंत्र बांधले, त्याचे नाव ‘ऑटोमॅटिक क्रिस्पिन’.

एकट्या माणसासाठी शंटिंग, म्हणजे डबे-वॅगन पुढेमागे करून हव्या क्रमाने लावणे, उत्तम. ॲलन राइट यांच्या ‘इंगलनुक’ कोड्यात तीन साइडिंग (बाजूचे बंद टोकाचे रूळ) असतात, त्यांत अनुक्रमे पाच, तीन आणि तीन वॅगन मावतात. वॅगन आठ. त्यांतल्या पाच, चिठ्ठ्या टाकून आलेल्या क्रमाने लावायच्या. शक्य क्रम ६,७२० होतात. त्यासाठी भिंतीवरची एक फळी पुरते, आणि अगदी लहान शेडवाल्याने आधी याचाच विचार करावा.

महाराष्ट्रात

बागेतली शेड ही आपल्याकडची सवय नाही. फ्लॅटमधला शौकीन गच्चीवरची खोली, बंद केलेली बाल्कनी किंवा घडी होणारा बोर्ड यांवर भागवतो. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे. तिथल्या एचओ लेआउटवर वाफेच्या इंजिनांपासून वेगवान गाड्यांपर्यंत सगळे आपोआप चालते आणि डोंगरावर फ्युनिक्युलर (दोराने ओढली जाणारी गाडी) चढते. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिमीचे आहे. ओओ प्रमाणात ते २२ मिमी होते, एचओमध्ये १९.३ मिमी. तयार रूळ मात्र १६.५ मिमीचेच मिळतात, त्यामुळे भारतीय गाड्यांची मॉडेल त्यांच्यावर आणखीच अरुंद पायाने उभी राहतात. पावसाळ्यात इथली हवा ब्रिटिश शेडपेक्षा जास्त दमट असते, म्हणून इन्सुलेशनपेक्षा हवा कोरडी ठेवण्यावर आणि रूळ वारंवार पुसण्यावर इथे जास्त भर द्यावा लागतो.