युद्धकाळातील खेडे (सातारा जिल्हा, १९३९–१९४५)

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील सातारा जिल्ह्याच्या खेड्यांचे दैनंदिन जीवन. आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग तेव्हा साताऱ्यातच होता. या गावांवर शत्रूचा बॉम्ब पडला नाही. लढाई आली ती पोस्टमनच्या पिशवीतून आणि वाण्याच्या दुकानातून.

पलटणीत जाणे इथे नवे नव्हते. अपशिंगे गावाचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले होते. या गावाला लोक आजही ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणतात. दुसऱ्या युद्धात मराठा पलटणी आफ्रिकेत आणि इटलीत लढल्या. ज्यांना सैन्याचे दार अनेक वर्षे बंद होते त्या महार तरुणांसाठी १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. गावकुसाबाहेरच्या वस्तीत सरकारी पगार येऊ लागला, ही गोष्ट लहान नव्हे.

पगारातला वाटा मनिऑर्डरीने घरी येई. निशाणी डावा अंगठा, साक्षीला मास्तर किंवा पाटील. पत्र वाचून दाखवायलाही बहुधा मास्तरच. सेन्सॉरमुळे मुलगा नेमका कुठे आहे ते पत्रात नसे. ‘मी खुशाल आहे, बैलाची काळजी घ्या’ एवढ्यावर घर समाधान मानी. तार मात्र कोणालाच नको असे. ती आली की उघडण्याआधीच रडारड सुरू होई.

१९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानकडे गेला आणि तिथला तांदूळ व रॉकेल बंद झाले. साताऱ्याचे पोट ज्वारी-बाजरीवर, त्यामुळे तांदळाची झळ कोकणाला जास्त लागली. रॉकेलची टंचाई मात्र सगळ्यांच्याच घरी पोचली. जेवणे उरकली की चिमणी फुंकायची. साखर, रॉकेल, कापड कंट्रोलमध्ये गेले आणि ‘काळा बाजार’ हा शब्द बायाबापड्यांच्या तोंडी रुळला. धातू वाचवण्यासाठी सरकारने १९४३ पासून मध्ये भोक असलेला पैसा काढला. पोरांच्या करगोट्यात ओवायला तो फार सोयीचा होता.

याच जिल्ह्यात सरकारविरुद्धची लढाईही पेटली होती. ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजच्या मोर्चावर गोळीबार होऊन नऊ जण हुतात्मा झाले. पुढे क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांच्या राज्याला समांतर असे लोकांचे सरकार, उभे राहिले. ते गावात न्यायनिवाडे करी, सावकार व गुंडांना वठणीवर आणी, कमी खर्चाची लग्ने लावी. तळपायांवर फटके देण्याच्या त्याच्या शिक्षेची दहशत एवढी, की पायाला पत्री (बैलाच्या खुराला ठोकतात तसा लोखंडी नाल) ठोकतात अशी वदंता पसरली आणि ‘प्रति’चे ‘पत्री सरकार’ झाले. एकाच जिल्ह्यातून इंग्रजांना शिपाई मिळत होते आणि त्याच इंग्रजांचे राज्य उखडणारे भूमिगतही उसाच्या फडात लपत होते. गावकऱ्यांना यात विसंगती वाटली असेलच असे नाही. मनिऑर्डर पोटासाठी होती.

१९४५ मध्ये युद्ध संपले, जवान परतू लागले. टंचाई मात्र राहिली, आणि रेशनच्या दुकानाला पुढेही कितीतरी वर्षे ‘कंट्रोल’च म्हणत.