उत्तराधिकार नियोजन (उत्पादन उद्योग)

कारखान्यातील कळीची जागा रिकामी होण्याआधीच तिथे बसणारा माणूस हेरून त्याला त्या कामात मुरवण्याची पद्धत. बोलीत याला ‘दुसरी फळी उभी करणे’ म्हणतात. शेअर बाजारात नोंदलेल्या बहुतेक कंपन्यांच्या संचालक मंडळांवर सेबीच्या २०१५च्या नियमावलीने ही जबाबदारी टाकली आहे, पण ती संचालक आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांपुरती.

कोल्हापुरात हा विषय त्याच्या खूप खाली, भट्टीपाशी सुरू होतो. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या पट्ट्यातल्या फाउंड्री (ओतकामाचे कारखाने) व मशीनशॉप बव्हंशी घरच्या मालकीच्या. मालकाच्या खुर्चीवर कोण बसणार, हे घरात कधी ना कधी निघतेच. हिंदू वारसा कायद्याच्या २००५च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांइतकाच हक्क मिळाल्यापासून मालकी कोणाकडे आणि कारभार कोणाकडे, हे वेगळे मांडावे लागते, आणि ते कागदावर असलेले बरे. भट्टीवरच्या मिस्त्रीची जागा मात्र तो निवृत्त होईपर्यंत कोणाच्या ध्यानात येत नाही. खरी उणीव इथेच आहे.

साच्यात ओतण्याआधी मिस्त्री वितळलेल्या लोखंडाच्या रसाची छोटी पाचर ओततो, गार करून हातोड्याने फोडतो. टोकाकडचा पांढरा पट्टा किती रुंद आहे, यावरून लोखंड कडक होणार की मशीनला सोपे जाणार, हे त्याला कळते. स्पेक्ट्रोमीटर कार्बन-सिलिकॉनचे आकडे देतो. रस किती वेळ तापत पडून होता आणि त्याने काय बिघडले, हे त्या आकड्यांत दिसत नाही. एसजी आयर्नमध्ये (ग्रॅफाइट गोल कणांत असलेले चिवट ओतीव लोखंड) तर मॅग्नेशियम दिल्यावर त्याचा असर मिनिटामिनिटाने ओसरतो आणि लॅडल (रस ओतायचे भांडे) साधारण दहा मिनिटांत रिकामे करावे लागते. अशा वेळी विचारायला माणूस नसेल, तर आधी रिजेक्शन वाढते. नाकारलेले कास्टिंग (ओतीव भाग) पुन्हा वितळवताना वीज दुसऱ्यांदा जळते, डिस्पॅच चुकतो आणि ग्राहकाचा विश्वास ढळतो. ताळेबंदात हे सगळे नुसता ‘वाढीव खर्च’ म्हणून दिसते.

यावरचा उपाय साधा आहे, फक्त तो मिस्त्री कामावर असतानाच करावा लागतो. पाचर फोडली की आधी हाताखालच्या पोराने पट्टा पाहून आपला अंदाज सांगायचा, मिस्त्रीने त्यानंतर. दोन्ही अंदाज त्या हीटच्या (भट्टीतल्या एका घाण्याच्या) नंबरासमोर वहीत लिहायचे, आणि कास्टिंग मशीनवर गेल्यावर कोणाचा बरोबर आला तेही.