कंट्रोल वेगळा, कमांड वेगळी: केप कॉडवर पिचर बघताना

पिचरने (बॉल टाकणाऱ्याने) सहा इनिंग टाकल्या, वॉक (चार बॉल झोनबाहेर टाकले की बॅटरला मिळणारा फुकटचा बेस) फक्त एक, म्हणजे पोराची कमांड जबरदस्त, असं बेसबॉल बघणारे सर्रास बोलतात. पण त्यातून दिसतो तो कंट्रोल. कंट्रोल म्हणजे बॉल स्ट्राइक झोनमध्ये, म्हणजे प्लेटवरच्या साधारण गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या चौकटीत टाकता येणं, बस. कमांड म्हणजे ठरवलेल्या जागी टाकता येणं, मग ती जागा झोनच्या आत असो नाहीतर मुद्दाम बाहेर. प्लेट, म्हणजे बॅटरजवळची जमिनीतली पाटी, १७ इंच रुंद आहे, त्यात कुठेही बॉल गेला की कंट्रोलचं काम झालं, कमांडवाल्याला मात्र त्यातला कडेचा अरुंद पट्टाच हवा असतो. क्रिकेटमध्ये सहाच्या सहा बॉल स्टंपात टाकणारा बोलर आणि मागाल तेव्हा यॉर्कर टाकणारा बुमराह यांच्यात जो फरक, तोच हा.

बघायचं कसं? स्कोअरबोर्ड सोडा, कॅचरचा (बॅटरमागे बसून बॉल झेलणाऱ्याचा) ग्लव्ह बघा. राइट हँडर पिचर, समोर राइट हँडर बॅटर, कॅचरने ग्लव्ह बाहेरच्या कडेला गुडघ्याच्या उंचीवर धरलाय आणि फास्टबॉल येतो आतल्या बाजूला कमरेच्या वर, ग्लव्ह अख्खी प्लेट ओलांडून न्यावा लागतो, बॅटर गोंधळून नुसता बघत राहतो आणि अंपायर स्ट्राइक देतो. कागदावर स्ट्राइक, पण बॉल जवळजवळ दोन फूट चुकलाय हो! आता उलटं बघा, काउंट ३-२ (तीन बॉल बाहेर, दोन स्ट्राइक), स्लायडर (शेवटी बाजूला वळणारा बॉल) मागितला प्लेटच्या जरासा बाहेर आणि खाली, बरोबर तिथेच आला, ग्लव्ह हललासुद्धा नाही, पण बॅटर चांगला, त्याने बॅट आवरली, वॉक. आकडा बिघडला, पिच मात्र हवी तशीच पडली.

आणि किती चुकला यापेक्षा कुठे चुकला हे जास्त सांगून जातं. राइट हँडरचा बॉल सारखा वर आणि राइट हँडर बॅटरच्या अंगाकडे जात असेल तर बहुतेक वेळा हात मागे राहतोय, बॉल लवकर सुटतोय, यावर काम करता येतं. चुका चारी दिशांना उडतायत, पुढचा पाय दर वेळी वेगळ्या जागी पडतोय, तर दुखणं मोठं आहे. बेसवर रनर आला की स्ट्रेचमधून (रनर पळू नये म्हणून छोट्या ॲक्शनने) टाकताना हे सगळं अजून उघडं पडतं, म्हणून तेव्हा मोबाइल खिशात ठेवा.

केप कॉडवर हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. ही अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधली दहा टीमची उन्हाळी लीग, देशभरातले निवडक कॉलेज प्लेयर आणि १९८५ पासून लाकडी बॅट. कॉलेजात मेटल बॅट असते, आत टाकलेला चांगला फास्टबॉल हँडलजवळ लागूनही कधीकधी हिट निघते, त्यामुळे बरेच पिचर आत टाकायलाच कचरतात. लाकडी बॅट त्याच बॉलवर मोडते, मग जो पोरगा ठरवून आत टाकतो त्याची कमांड इथे खरी दिसते. पण लाकडी बॅटचा स्वीट स्पॉट लहान, म्हणून मधोमध पडलेल्या चुकाही पचून जातात आणि नुसत्या कंट्रोलवर ईआरए (दर नऊ इनिंगमागे पिचरने दिलेल्या रनांची सरासरी) सुंदर दिसतो, इथेच लोक फसतात. शिवाय कॉलेजचा सीझन फेब्रुवारीत सुरू झालेला, हात थकलेला, कॅचर नवा, तेव्हा एका वाईट दिवसावरून कुणाला बाद करू नका. लहान कॉलेजच्या पोरांना तर हीच संधी असते, फ्लोरिडा गल्फ कोस्ट युनिव्हर्सिटीचा पिचर ख्रिस सेल २००९ मध्ये यार्मथ-डेनिस टीमकडून इथे खेळला आणि २०१० च्या ड्राफ्टमध्ये (मेजर लीगच्या टीम नवे प्लेयर निवडतात त्यात) शिकागो व्हाइट सॉक्सने त्याला १३ व्या नंबरवर घेतला.

घोळ वाढतो तो स्काउट, म्हणजे प्लेयर हेरणारे, देतात त्या ग्रेडमुळे. स्काउटिंगची पट्टी २० ते ८०, ५० म्हणजे मेजर लीगची, म्हणजे सगळ्यात वरच्या व्यावसायिक लीगची सरासरी. लोक वाचतात त्या याद्यांमध्ये दोन्हीसाठी मिळून एकच रकाना, एमएलबी पाइपलाइन या साइटवर त्याला कंट्रोल म्हणतात, फॅनग्राफ्स या साइटवर कमांड. दोन वेगळे आकडे द्यायलाच हवेत. कंट्रोल ५५ आणि कमांड ४० असा पोरगा कॉलेजात चमकतो आणि वर गेल्यावर मार खातो, कारण तिथले बॅटर मधोमध आलेला ९५ माइलचा बॉल सोडत नाहीत. ज्याचे वॉक थोडे जास्त आहेत, पण बॉल ग्लव्हच्या आसपासच चुकतोय आणि डिलिव्हरी दर वेळी सारखी आहे, त्याचं नाव मी यादीत वर लिहीन.