जागा भरली तरी जाहिरात हलत नाही, हे सुरू कुठून झालं?

ऑनलाइन नोकरी शोधणाऱ्याला एक अनुभव हमखास येतो. लिस्टिंग ताजी दिसते म्हणून तो रिझ्युमे त्या कामाप्रमाणे बदलतो, कव्हर लेटर लिहितो, रिझ्युमेत जे आहे तेच परत फॉर्मच्या दहा-पंधरा चौकटींत भरतो, आणि मग कळतं की ती पोझिशन कधीचीच भरलीय. बऱ्याचदा तेवढंही कळत नाही, कुणी उत्तरच देत नाही. राग एचआरवर निघतो आणि तो काही अगदी चुकीचा नाही, पण मेलेल्या लिस्टिंग साइटवर का पडून राहतात हे बघत मागे गेलं की आळसापेक्षा हिशोब जास्त दिसतो, म्हणजे जाहिरात ठेवायला पैसे कोण मोजतं आणि ती काढली तर फायदा कुणाचा.

पेपरमधल्या छोट्या जाहिरातींचे पैसे शब्दांवर किंवा ओळींवर लागायचे आणि परत छापायची तर परत द्यावे लागायचे, म्हणून ती भाषाही तशीच तुटक, तारेसारखी. जागा भरल्यावर जाहिरात काढायला वेगळं काही करावंच लागायचं नाही, पैसे थांबले की ती गेली. जुना अंक हाती लागला तरी वर तारीख छापलेली. फसव्या जाहिराती, किंवा माणूस आधीच ठरवून नावापुरत्या दिलेल्या जाहिराती तेव्हाही असायच्याच, पण त्यासाठीसुद्धा खिशात हात घालावा लागायचा.

गंमत म्हणजे नेटवरच्या अगदी सुरुवातीच्या जाहिरातीही आपोआप मरायच्या. वेब यायच्या आधी यूजनेट होतं, म्हणजे विषयवार ग्रुपमध्ये मेसेज टाकायची सोय, त्यात नोकरीच्या जाहिरातींसाठी वेगळे ग्रुप होते. यूजनेटच्या १९८७ च्या नियमावलीत प्रत्येक मेसेजला 'एक्स्पायर्स' नावाची ओळ जोडायची सोय होती, ही तारीख उलटली की मेसेज पुसा असं सांगणारी. ती ओळ घालणं ऐच्छिक होतं, पण नाही घातली तरी फरक पडायचा नाही, कारण डिस्क महाग होत्या आणि सर्व्हर चालवणारे जुने मेसेज स्वतःच काढून टाकायचे. स्टोरेज स्वस्त झालं आणि ही झाडलोट थांबली.

मग आले जॉब बोर्ड. १९९४ मध्ये जेफ टेलरने मॉन्स्टर बोर्ड सुरू केलं, आणि हा माणूस मुळात भरतीच्या जाहिराती करणाऱ्या एजन्सीचा मालक, म्हणजे धंदा जाहिरातीचाच, फक्त कागद बदलला. १९९५ मध्ये ते टीएमपी वर्ल्डवाइडने विकत घेतलं, त्यांचा धंदा यलो पेजेसमधल्या जाहिरातींचा. भारतात १९९७ मध्ये नोकरी डॉट कॉम आलं. या बोर्डांवर आता जाहिरात एका अंकाऐवजी महिना-दोन महिन्यांच्या मुदतीने विकली जायला लागली. आता विचार करा, कंपनीने साठ दिवसांचे पैसे भरलेत आणि माणूस आठव्या दिवशी मिळाला, तर उरलेले बावन्न दिवस ती लिस्टिंग काढायला कोण लॉगिन करणार? पैसे तर परत मिळणार नाहीत. पुढे तर 'जॉब स्लॉट' विकायला लागले, वर्षभरासाठी इतके स्लॉट घ्या आणि त्यात हवं ते टाका. रिकामा स्लॉट म्हणजे पैसे वाया, म्हणून नवीन काही नसेल तर जुनंच राहू दे. शिवाय बोर्डालाही घाई नसते, होमपेजवर 'इतक्या लाख नोकऱ्या' असं लिहायचं असतं ना, तो आकडा स्वतःहून कोण कमी करेल.

खरा गोंधळ मात्र ॲग्रिगेटरांनी, म्हणजे इतर साइटवरच्या लिस्टिंग गोळा करून दाखवणाऱ्यांनी, घातला असं माझं मत आहे. नोव्हेंबर २००४ मध्ये इंडीड सुरू झालं, कल्पना साधी आणि खरं तर चांगलीच होती, दहा साइट फिरण्यापेक्षा सगळ्यांच्या लिस्टिंग एका सर्चमध्ये. ती इतकी चालली की जुने बोर्ड मागे पडले, मॉन्स्टर आणि करिअरबिल्डर तर २०२४ मध्ये एकत्र आले आणि जून २०२५ मध्ये दोघांनी मिळून दिवाळखोरीचा अर्ज केला. पण या सोयीबरोबर एक नवीन रोग आला, कॉपीची कॉपी. कंपनीच्या साइटवरून एकाने उचललं, त्याच्या फीडमधून (आपोआप पुढे जाणाऱ्या यादीतून) दुसऱ्याने घेतलं, तिथून तिसऱ्याने, मध्येच एखाद्या कन्सल्टन्सीने कंपनीचं नाव काढून स्वतःच्या नावाने टाकलं. कंपनीने मूळ लिस्टिंग काढली तरी तो निरोप शेवटच्या साइटपर्यंत जाईलच असं नाही. आणि तारीख? ती प्रत्येक साइट आपापली लावते. मूळ जाहिरात मार्चची असली तरी ज्या साइटने ती काल उचलली तिथे 'काल पोस्ट केलं' असं दिसणार, शिवाय काही कंपन्या यादीत वर यायला तीच लिस्टिंग बंद करून परत टाकतात ते वेगळंच. पेपरवरच्या त्या छापील तारखेची किंमत इथे कळते. त्यात क्लिकमागे पैसे घेण्याची पद्धत आली, म्हणजे तुम्ही शिळ्या लिस्टिंगवर क्लिक केलंत तरी मधल्या कुणाला तरी पैसे मिळालेच.

कंपनीच्या आतही काही वेगळं नव्हतं. अर्ज सांभाळणारी सॉफ्टवेअर सगळीकडे आली (टॅलिओसारख्या कंपन्या १९९९ च्या आसपासच्या), आणि त्यात प्रत्येक जागेची एक फाइल उघडते जी कुणीतरी हाताने बंद करायची असते. हायरिंग मॅनेजरला वाटतं रिक्रूटर करेल, रिक्रूटर नोकरी सोडून गेलेला, फाइल उघडीच, अर्ज येतच राहतात आणि सात महिन्यांनी कुणी साफसफाई केली की एकदम सगळ्यांना 'आम्ही दुसरा उमेदवार निवडला आहे' असा ऑटोमॅटिक मेल. ज्याला तो येतो तो अर्ज केल्याचंसुद्धा विसरलेला असतो.

यात मुद्दाम ठेवलेल्या लिस्टिंगही मिसळलेल्या असतात. पुढे कधी लागतील म्हणून रिझ्युमे गोळा करायचे, किंवा बजेट गोठलंय पण मंजुरी येईलच या आशेवर जाहिरात चालू ठेवायची. अमेरिकेत ग्रीन कार्डच्या पर्म प्रक्रियेत (स्थानिक उमेदवार मिळत नाही हे आधी दाखवायचं असतं ती) तर कंपनीला जाहिरात द्यावीच लागते, त्यात बहुतेक पदांसाठी पेपरात दोन वेगवेगळ्या रविवारी, आणि त्या जागेवर अनेकदा आधीपासून माणूस काम करत असतो. बाहेरून या सगळ्या लिस्टिंग अगदी सारख्या दिसतात, म्हणून तर चिडचिड जास्त होते.

अमेरिकेचं सरकारी खातं दर महिन्याला रिकाम्या जागा मोजतं, त्यांची व्याख्या वाचण्यासारखी आहे: ठरावीक पद आणि त्यासाठी काम खरंच असलं पाहिजे, ३० दिवसांत रुजू होता आलं पाहिजे, आणि बाहेरच्या माणसाचा शोध चालू पाहिजे. ही चाळणी कुठल्याही पोर्टलला लावली तर किती लिस्टिंग उरतील याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

दुरुस्तीचे प्रयत्न झाले, नाही असं नाही. २०११ मध्ये स्कीमा डॉट ऑर्गच्या मार्कअपमध्ये, म्हणजे पानावर काय आहे हे सर्च इंजिनला सांगणाऱ्या खुणांमध्ये, नोकरीच्या जाहिरातीसाठी वेगळा साचा आला, त्यात पुढे 'व्हॅलिड थ्रू' हा रकानाही आला, म्हणजे परत ती यूजनेटचीच एक्स्पायर्स ओळ, आणि परत ऐच्छिकच. २०१७ मध्ये गूगलने सर्चमध्ये नोकऱ्या दाखवायला सुरुवात केली तेव्हा संपलेली लिस्टिंग काढा नाहीतर कारवाई होईल असं साइटवाल्यांना बजावलं. त्याने थोडा फरक पडला, पण मुदतच टाकली नाही तर मशीनला तरी कसं कळणार की जागा भरली.

कायद्याने हात घातला तो कॅनडातल्या ऑन्टारिओने. १ जानेवारी २०२६ पासून तिथे २५ किंवा जास्त कर्मचारी असलेल्या मालकाला जाहीर जाहिरातीत ही जागा खरंच रिकामी आहे की नाही हे लिहावं लागतं, आणि मुलाखत घेतलेल्या उमेदवाराला ४५ दिवसांत निर्णय झाला की नाही ते कळवावं लागतं. मुलाखतीपर्यंत न पोचलेल्यांना, म्हणजे बहुतेकांना, यातला दुसरा भाग लागू नाही. आणि कुठल्याही ठरावीक पदाचं नाव न घेता चालवलेली सर्वसाधारण भरती मोहीम कायद्यातल्या 'जाहीर जाहिराती'च्या व्याख्येतूनच वगळलीय, त्यामुळे नुसते रिझ्युमे गोळा करायचे असतील तर तो रस्ता अजून मोकळाच आहे.