‘तो निवडून आला, तर देश सोडतो’: एका घोषणेची पार्श्वभूमी

अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीचा दिवस जवळ आला की ‘अमुक निवडून आला, तर आम्ही कॅनडाला निघून जाऊ’ असे अनेक जण जाहीरपणे सांगू लागतात आणि निकालानंतरच्या आठवड्यात त्यावरच्या बातम्या हमखास छापून येतात. या बातम्यांत बहुधा एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे व्हिएतनाम युद्धाच्या काळात सक्तीची लष्करभरती टाळण्यासाठी उत्तरेकडे, कॅनडात, गेलेल्या तरुणांशी या घोषणेचे असलेले नाते. हे नाते तपासून पाहणे आवश्यक आहे. १९६५ ते १९७३ या काळात जे गेले, ते निवडणुकीच्या निकालामुळे गेले नव्हते, आणि निकालाचे कारण देऊन जाण्याची भाषा ज्यांनी पुढे केली, त्यांच्यापैकी फारच थोड्यांनी प्रत्यक्षात देश सोडला. बोलणे आणि जाणे यांतील अंतर का वाढले, याचे उत्तर बोलणाऱ्यांच्या निर्धारात जेवढे शोधले जाते, तेवढे ज्या देशात जायचे त्याच्या प्रवेशनियमांत शोधले जात नाही.

दूरच्या इतिहासातील दाखले बरेच दिले जातात. पण ते पूर्णपणे जुळत नाहीत. अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध संपवणाऱ्या १७८३ च्या तहानंतर इंग्लंडच्या राजाशी निष्ठा राखणारे हजारो लोक आजच्या कॅनडातील नोव्हा स्कॉशिया आणि क्वेबेककडे गेले, आणि त्यांच्या वस्तीमुळे १७८४ मध्ये न्यू ब्रन्सविक ही वेगळी वसाहत स्थापन करावी लागली. परंतु ते युद्धात हरलेल्या पक्षाचे लोक होते. नोव्हेंबर १८६० च्या निवडणुकीचा निकाल दक्षिणेतील राज्यांना मान्य नव्हता, तेव्हा माणसे गेली नाहीत, राज्येच निघाली: २० डिसेंबर १८६० रोजी साउथ कॅरोलायनाने संघराज्यातून बाहेर पडण्याचा ठराव केला आणि इतर राज्ये पाठोपाठ गेली. त्यातून उद्भवलेल्या युद्धातील पराभवानंतर दक्षिणेतील काही कुटुंबे ब्राझीलच्या साओ पाउलो प्रांतात स्थायिक झाली. तेथे गुलामगिरी १८८८ पर्यंत कायदेशीर होती, आणि त्यांच्या निवडीचा विचार करताना ही बाब वगळता येत नाही.

याच सुमारास, २७ जुलै १८६८ रोजी, अमेरिकेने एक कायदा करून आपल्या देशाचे नागरिकत्व सोडण्याचा हक्क हा सर्व माणसांचा नैसर्गिक आणि अंगभूत हक्क असल्याचे जाहीर केले. आज देश सोडू पाहणारे या कायद्याचा आधार सांगतात. मूळ हेतू मात्र उलट दिशेचा होता. युरोपातून येऊन अमेरिकी नागरिक झालेल्यांवर, विशेषतः आयरिश लोकांवर, त्यांचे जुने राज्यकर्ते आपला अधिकार सांगत होते, त्यांना संरक्षण देण्यासाठी हा कायदा झाला होता.

आता ज्या काळावर सगळी भिस्त ठेवली जाते त्याकडे वळू. १ ऑक्टोबर १९६७ रोजी कॅनडाने स्थलांतरितांसाठी गुणपद्धती लागू केली. एकूण १०० गुणांपैकी ५० मिळवणाऱ्याला प्रवेश, असा तिचा ढाचा होता. शिक्षणाला जास्तीत जास्त २० गुण होते. व्यवसायाची मागणी, कौशल्य, वय, हाती असलेली नोकरी, इंग्रजी आणि फ्रेंच भाषांचे ज्ञान यांना उरलेल्यांपैकी बहुतेक गुण वाटून दिले होते, आणि १५ गुण अधिकाऱ्याच्या व्यक्तिगत मतावर सोडले होते. मुख्य म्हणजे पर्यटक म्हणून आत आलेल्यालाही देशात राहूनच कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येत असे, किंवा थेट सीमाचौकीवर जाऊन मुलाखत देता येत असे. काही वर्षे महाविद्यालयात शिकलेला, विशीतला, इंग्रजी बोलणारा अमेरिकी तरुण या तक्त्यात सहज बसत होता. त्याला कोणी राजकीय आश्रय दिला नाही. तो साधा स्थलांतरित म्हणून आला. कॅनडात सक्तीची लष्करभरती नव्हती, त्यामुळे भरती टाळणे हा तेथे गुन्हा नव्हता आणि त्या कारणासाठी कोणाला परत सोपवण्याची तरतूदही दोन देशांमधील करारात नव्हती.

अडचण होती ती सैन्यातून पळून आलेल्यांची. भरतीचा हुकूम येण्याआधी निघालेले तरुण बहुतांशी शिकलेल्या, बऱ्या परिस्थितीतील घरांतून येत. भरती होऊन नंतर पळालेले मात्र अनेकदा कामगार कुटुंबांतले आणि कमी शिकलेले असत. जुलै १९६८ मध्ये कॅनडाच्या स्थलांतर खात्याने आपल्या अधिकाऱ्यांना अंतर्गत सूचना पाठवली की, अशा सैनिकांना गुण पुरेसे असले तरी विशेषाधिकार वापरून नाकारावे. ही सूचना जाहीर केलेली नव्हती, आणि वरवर पाहता नियम सर्वांना सारखेच होते.

ती उघडी पडली १९६९ च्या फेब्रुवारीत. टोरांटोतील एका महाविद्यालयाच्या पाच विद्यार्थ्यांनी एका खऱ्या पळालेल्या सैनिकाची माहिती आणि कागदपत्रांच्या प्रती घेतल्या, आणि स्वतः कॅनडाचे नागरिक असूनही तो सैनिक आपणच आहोत असे भासवून ते अमेरिकेच्या बाजूने वेगवेगळ्या सीमाचौक्यांवर गेले. शिक्षण, वय, भाषा ही सगळी माहिती गुणांच्या दृष्टीने पुरेशी होती. पाचही जणांना नकार मिळाला. त्यांनी हा अनुभव वृत्तपत्रांकडे नेला आणि पुढचे तीन महिने चर्चसंघटना, प्राध्यापक आणि विरोधी बाकांवरचे सदस्य सरकारला एकच प्रश्न विचारत राहिले: लिखित नियमात नसलेल्या अटीवर माणसाला नाकारता येते का? २२ मे १९६९ रोजी मंत्र्यांनी कनिष्ठ सभागृहात निवेदन केले की, अर्जदाराचे दुसऱ्या देशाच्या सैन्याशी असलेले नाते यापुढे प्रवेशाच्या निर्णयात विचारात घेतले जाणार नाही आणि अधिकारी त्याबद्दल विचारणाही करणार नाहीत.

या निर्णयावर तेव्हाही मतभेद होते आणि आजही आहेत. शेजारी मित्रदेशाच्या शिस्तभंगाला हा आडमार्गाने दिलेला पाठिंबा होता, असे टीकाकार म्हणत. सार्वभौम देशाने दुसऱ्याच्या लष्कराचे पहारेकरी होऊ नये, असे समर्थकांचे म्हणणे होते. दोन्ही बाजूंनी निर्णयाचा आवाका मात्र वाढवून सांगितला. गुणपद्धती जशीच्या तशी राहिली, प्रत्येक अर्जदाराला ५० गुण मिळवावेच लागत होते आणि ज्याला ते मिळत नव्हते तो परत जात होता. एक प्रश्न विचारणे बंद झाले, एवढाच बदल होता. पण त्या एका प्रश्नावर हजारो तरुणांचे आयुष्य अडलेले होते, आणि म्हणून प्रस्तुत लेखकाच्या मते तो योग्य निर्णय होता. अमेरिकेतून कॅनडात कायमच्या वास्तव्यासाठी येणाऱ्यांची संख्या १९७१ च्या सुमारास वर्षाला २४ हजारांच्या घरात पोहोचली. त्यांत बायका, सोबतिणी, आई-वडील, शिक्षक असे भरतीशी थेट संबंध नसलेले लोकही मोठ्या प्रमाणात होते.

त्यानंतरच्या घटनेला या इतिहासात फारसे स्थान मिळत नाही, वास्तविक तीच निर्णायक आहे. नोव्हेंबर १९७२ मध्ये देशात येऊन अर्ज करण्याची सवलत कॅनडाने बंद केली. यापुढे अर्ज मायदेशातूनच करायचा आणि उत्तराची वाट पाहत थांबायचे, असे ठरले. रात्री गाडीत सामान भरून सकाळी चौकीवर उभे राहण्याचा मार्ग तेव्हा संपला. २१ जानेवारी १९७७ रोजी अमेरिकेच्या नव्या अध्यक्षांनी भरती टाळणाऱ्यांना माफी दिली, पळालेल्या सैनिकांना त्यातून वगळले. माफी मिळूनही बरेच जण परतले नाहीत, कारण तोवर त्यांचे घरदार तिकडे झाले होते.

दुसऱ्या बाजूला, अमेरिकी कायद्यात जाण्याची किंमत याच काळात कमी होत गेली. १९४० च्या कायद्यानुसार परदेशातील निवडणुकीत मतदान केले तर अमेरिकी नागरिकत्व जात असे, आणि १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाचास चार मतांनी ही तरतूद उचलून धरली होती. पुढे पोलंडमध्ये जन्मलेल्या आणि १९२६ मध्ये अमेरिकी नागरिक झालेल्या एका चित्रकाराने इस्राएलमध्ये राहायला गेल्यावर १९५१ च्या तेथील निवडणुकीत मत दिले, म्हणून १९६० मध्ये त्याच्या पासपोर्टचे नूतनीकरण नाकारण्यात आले. त्याच्या खटल्यात २९ मे १९६७ रोजी न्यायालयाने, पुन्हा पाचास चार मतांनीच, आधीचा निकाल फिरवला आणि नागरिकाच्या संमतीशिवाय त्याचे नागरिकत्व काढून घेता येणार नाही असे ठरवले. जानेवारी १९७६ मध्ये मंजूर झालेल्या कायद्याने परदेशात राहणाऱ्या नागरिकांना संघीय निवडणुकांत टपालाने मत देण्याचा हक्कही मिळाला. म्हणजे देश सोडणाऱ्याचे नागरिकत्व टिकू लागले, मत टिकू लागले, परतीची वाट उघडी राहिली. नेमक्या त्याच दशकात पलीकडचा प्रवेश कठीण झाला. निकालावर नाराज होऊन जाण्याची भाषा वाढली ती या दोन्ही बदलांनंतर.

२००० मध्ये काही नामवंत कलाकारांच्या नावावर अशी विधाने छापून आली. त्यांतली काहींनी नाकारली, बाकीच्यांनी देश सोडला नाही. २००४ मध्ये या गोष्टीला प्रथमच आकड्यांचे रूप आले: ३ नोव्हेंबर रोजी कॅनडाच्या स्थलांतर खात्याच्या संकेतस्थळाला एका दिवसात अमेरिकेतून एक लाखाहून अधिक भेटी मिळाल्या. हे आकडे जगभर छापले गेले. पुढे काय झाले हे त्या मानाने कमी छापले गेले. अमेरिकेतून येऊन कायम वास्तव्याचा परवाना मिळवणाऱ्यांची संख्या २००३ मध्ये सहा हजारांच्या आसपास होती, ती २००६ मध्ये १०,९४२ झाली. ही वाढ खरी आहे आणि तिची टवाळी करणे योग्य नाही. अर्ज तपासून होईपर्यंत लागणारा काळ धरला तर तिचा काही भाग २००४ च्या निकालाशी जोडताही येईल. तरीही तो आकडा १९७१ च्या निम्म्याहून कमी होता.

२०१६ मध्ये ८ नोव्हेंबरच्या रात्री मतमोजणी चालू असतानाच हे संकेतस्थळ कोलमडले. एरवी त्या वेळेला सुमारे १७ हजार लोक असत, तेथे दोन लाखांहून अधिक होते आणि त्यांतले निम्मे अमेरिकेतून आलेले होते. तोपर्यंत गुणपद्धतीही बदलली होती: जानेवारी २०१५ पासून लागू झालेल्या पद्धतीत वयाचे सर्वाधिक गुण २० ते २९ या वयाला मिळतात, पुढे ते घटत जातात आणि ४५ व्या वर्षी शून्यावर येतात. जम बसलेल्या, घर आणि नोकरी असलेल्या मध्यमवयीन माणसाला, म्हणजे अशी घोषणा करणाऱ्यांपैकी अनेकांना, हा तक्ता काय सांगतो हे त्या रात्री कित्येकांनी प्रथमच वाचले असावे.

त्या निकालानंतर जे खरोखर सीमा ओलांडून गेले, त्यांनी तशी घोषणा कधी केली नव्हती. २०१७ मध्ये न्यू यॉर्क राज्यातून क्वेबेकमध्ये जाणाऱ्या रॉक्सहॅम रोड या आडरस्त्यावर टॅक्सीतून उतरून, चाकांच्या बॅगा ओढत, मुलांना कडेवर घेऊन माणसे चालत पलीकडे गेली. त्यांत हैतीचे लोक मोठ्या संख्येने होते. २०१० च्या भूकंपानंतर मिळालेले तात्पुरते संरक्षण नवे सरकार काढून घेईल, ही त्यांची भीती होती. अधिकृत चौकीवर गेले असते, तर आश्रय मागणाऱ्यांबाबत डिसेंबर २००४ पासून अमलात असलेल्या अमेरिका-कॅनडा कराराप्रमाणे त्यांना परत पाठवले गेले असते. चौक्यांच्या मधून आलेल्यांना तो करार लागू नव्हता, म्हणून हा रस्ता. त्या वर्षी चौक्या टाळून आलेल्या वीस हजारांहून अधिक लोकांना कॅनडाच्या पोलिसांनी ताब्यात घेतले आणि ऑगस्टमध्ये माँट्रियलच्या ऑलिम्पिक स्टेडियममध्ये त्यांच्यासाठी खाटा मांडाव्या लागल्या. निवडणुकीचा निकाल आणि स्थलांतर यांचा संबंध दाखवायचा, तर यापेक्षा थेट उदाहरण अलीकडच्या काळात नाही. ते या घोषणेच्या इतिहासात सहसा मोजले जात नाही, कारण ही माणसे अमेरिकेची नागरिक नव्हती. मार्च २०२३ मध्ये तो करार संपूर्ण सीमेला लागू झाला आणि रॉक्सहॅम रोडचा मार्गही बंद झाला.

नागरिकत्व सोडणाऱ्यांची जी यादी अमेरिकी सरकार दर तिमाहीला प्रसिद्ध करते, तिचाही या विषयात वारंवार दाखला दिला जातो. २००८ मध्ये तीत २३१ नावे होती, २०१६ मध्ये ५,४११, आणि २०२० मध्ये ६,७०० हून अधिक. ही चढण मात्र निकालांपेक्षा २०१० च्या एका करविषयक कायद्याशी जास्त जुळते, ज्याने परदेशी बँकांना अमेरिकी खातेदारांची माहिती देणे भाग पाडले. राहण्याच्या ठिकाणाऐवजी नागरिकत्वावर कर आकारणारा हा जवळजवळ एकमेव देश आहे, आणि यादीतील बहुतेक लोक आधीच कित्येक वर्षे बाहेर राहत होते. पूर्वी विनाशुल्क असलेल्या या प्रक्रियेला २०१० मध्ये ४५० डॉलर आणि २०१४ मध्ये २,३५० डॉलर शुल्क लागू झाले, तरी संख्या वाढतच गेली.

२०२४ च्या निकालानंतर लक्ष कॅनडावरून युरोपकडे सरकले. मार्च २०२५ अखेरच्या वर्षात सहा हजारांहून अधिक अमेरिकनांनी ब्रिटिश नागरिकत्वासाठी अर्ज केले. त्यांतले बरेचसे तेथे पूर्वीपासून राहणारे असल्याने हा आकडाही सरसकट निकालाच्या खात्यावर टाकता येत नाही. पूर्वजांच्या आधारे मिळणाऱ्या इटालियन नागरिकत्वाकडेही अनेकांनी आशेने पाहिले होते. पणजोबांचा जन्मदाखला मिळवला की अर्ज करता येईल, अशी तेथील कायद्याची रचना दीर्घकाळ होती. २८ मार्च २०२५ च्या वटहुकुमाने ही साखळी आई-वडील आणि आजी-आजोबांपर्यंत मर्यादित केली आणि आदल्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत दाखल झालेले अर्ज तेवढे जुन्या नियमाने तपासले जातील असे जाहीर केले.