बॅटरीची वायर काढल्याने मॅप पुसला जात नाही

ट्यूनिंगनंतर बाइक सिग्नलला बंद पडू लागली की सल्ला ठरलेला: ‘बॅटरीची वायर काढून ठेव, ईसीयू रीसेट होईल.’ ईसीयू म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर. वायर काढल्याने फार तर त्याने चालवता चालवता शिकलेल्या काही दुरुस्त्या पुसल्या जातात, त्याही प्रत्येक गाडीत नाही. ट्यूनिंगमध्ये ईसीयूत फ्लॅश केलेला (कायमचा लिहिलेला) मॅप, म्हणजे कधी किती पेट्रोल सोडायचं याचा तक्ता, बॅटरीविनाही टिकतो. वायर काढल्यावर दोन दिवस गाडी बरी चालते, म्हणून हा समज मरत नाही.

ईसीयू आणि पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या मध्ये पिगीबॅक डबी (ईसीयूचा सिग्नल वाटेत बदलणारी, स्वतःचा मॅप असलेली जोड-डबी) बसवली असेल, तर खरी ओढाताण तिथे असते. आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) ऑक्सिजन सेन्सर पाहून ईसीयू हवा-पेट्रोलचं प्रमाण १४.७:१ च्या आसपास धरतो. डबी पेट्रोल वाढवते, ईसीयू कापतो. त्यात डबीला बंद थ्रॉटलची खूण नीट शिकवली नसेल, तर ती मॅपचा भलताच रकाना वाचते.

आधी डबी काढून कंपनीचे कनेक्टर जसेच्या तसे जोडा. (हे फुकटचं काम, तरी कोणी करत नाही!) गाडी बंद पडायची थांबली, तर दोष डबीत, तिच्या मॅपमध्ये किंवा अर्थिंगमध्ये. तरीही बंद पडतेच? मग इनटेकच्या रबराला चीर गेली आहे का आणि थ्रॉटल बॉडीत काजळी साचली आहे का, ते बघा.